सेवानियमांत ‘पूर्वलेखी परवानगी’चं कलम येतंय. प्राध्यापकांनी ते काय म्हणून अडवावं?

परीक्षानळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका सार्वजनिक विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. अठरा वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही, आडून आडून विचारूही नका. आमच्याकडे शिक्षकांच्या सेवानियमांचा नवा मसुदा फिरतोय. चाळीस पानं आहेत आणि त्यातली बहुतेक रजा, हजेरी, प्रवासभत्ता यांवर खर्ची पडली आहेत. बाविसाव्या पानावर मात्र हे कलम आहे:

‘कोणताही शिक्षक सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असे वक्तव्य, लेखन अथवा संशोधन-निष्कर्ष सार्वजनिक करणार नाही.’

खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मी यावरून तशीच पुढे गेले. अशी वाक्यं आपण इतकी वाचलेली असतात की डोळा अडखळतच नाही. रात्री भांडी आवरताना विहीर आठवली.

चार वर्षांपूर्वी मी आणि माझे दोन विद्यार्थी एका औद्योगिक पट्ट्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरींचं पाणी तपासत होतो. चौदा विहिरी होत्या. पाच विहिरींत क्रोमियम जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या, वर निघालं. दुसऱ्यांदा नमुने घेतले, तिसऱ्यांदा घेतले, आकडे हलले नाहीत. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी काठावर बसली होती. म्हणाली, “बाई, ते कागदावर काय लिहिता ते तुम्हाला लखलाभ. पाणी प्यावं का नको, एवढं सांगा.” मी सांगितलं, या पाच विहिरींचं पिऊ नका. शोधनिबंध छापून आला त्यानंतर चौदा महिन्यांनी.

नवं कलम तेव्हा असतं तर मी तिला काय सांगितलं असतं? परवानगी आली की कळवते? आणि ती परवानगी देणार कोण? त्या पट्ट्यातल्या एका कारखानदाराच्या देणगीतून आमच्या आवारात एक इमारत उभी आहे. मग ‘संस्थेची प्रतिमा’ म्हणजे नक्की कोणाची प्रतिमा?

आता मूळ प्रश्न. शिक्षक संघटनेने हरकतीचा मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. दोन आठवड्यांनी विद्या परिषदेची बैठक आहे. संघटनेच्या सभेत तीन तट पडले. पहिला म्हणतो, बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांनाच आहे, तेवढं एक वाक्य लिहा आणि मोकळ्या व्हा. दुसरा म्हणतो, ज्याची चाकरी त्याची भाकरी, उगाच कशाला वाकड्यात शिरायचं. तिसरा तट घड्याळाकडे बघत होता आणि संख्येने तोच सर्वांत मोठा होता.

घरी दिराला सांगितलं. तो बँकेत आहे. म्हणाला, “वहिनी, आमच्याकडे हेच कलम केव्हापासून आहे. बँकेच्या कर्जवाटपावर मी पेपरात लेख लिहिला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात?”

मला उत्तर सुचलं नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तर मंडळी, दिराला काय उत्तर देऊ?

जुनीवही

ताई, तुमच्या दिराचा प्रश्न उत्तम आहे. विद्या परिषदेतही तोच येणार, फक्त जरा सभ्य भाषेत. म्हणून आधी तोच घेऊ. (मी निवृत्त आहे, इतिहास शिकवायचो. लांबण लागली तर पुढे सरका.)

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या प्राध्यापकांना विचारला गेला होता. १९१५ मध्ये त्यांनी आपली देशव्यापी संघटना काढली. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष, आणि ती उभी करण्यात आर्थर लव्हजॉय यांचा हात मोठा. त्याच वर्षअखेरीस त्यांनी एक जाहीरनामा काढला. विद्यापीठांचे विश्वस्त म्हणत होते की पगार आम्ही देतो, म्हणजे प्राध्यापक आमचे नोकर. जाहीरनाम्याने त्यावर न्यायाधीशाचं उदाहरण दिलं. संघराज्याच्या न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, म्हणून काही निकाल लिहिताना तो राष्ट्राध्यक्षांचा नोकर नसतो. त्याला नेमणारा एक, आणि तो ज्यांच्यासाठी काम करतो ते दुसरे. प्राध्यापकाचं मुख्य उत्तरदायित्व जनतेशी आणि आपल्या विषयातल्या जाणकारांशी आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

तुमच्या दिराची बँक त्याला बँकेच्या कामासाठी नेमते. बँकेचं गुपित त्याने जपावं, ठीकच आहे. पण विहिरीतलं क्रोमियम हे विद्यापीठाचं गुपित कसं होईल? ते त्या म्हातारीचं पाणी आहे. तिच्यासाठीच तर तुम्हाला प्रयोगशाळा दिली.

आता एक कडू घोट. लव्हजॉय या भानगडीत पडले कसे? १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्र-समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला जावं लागलं. संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना त्यांची भाषणं खपली नाहीत. स्टॅनफर्ड घराण्याचा पैसा रेल्वेतला. रॉस शहरातली ट्रामसेवा नगरपालिकेने चालवावी असं म्हणत, इथवर आपल्याला ते आवडतात. पण आशियातून येणाऱ्या मजुरांविरुद्धही ते बोलत आणि ती भाषणं आज वाचवत नाहीत, इतका त्यांत वंशद्वेष आहे. तरी काही सहकाऱ्यांनी निषेध म्हणून नोकरी सोडली. लव्हजॉय त्यांतले एक. भाषण चुकीचं असेल तर ते अभ्यासकांनी खोडून काढावं, घराच्या मालकिणीने माणूस हाकलू नये, एवढाच मुद्दा होता. तेव्हा तुमच्या हरकतीत कुठे ‘समाजोपयोगी संशोधनास’ वगैरे सूट मागितली असेल तर ते शब्द काढा. उपयोगी काय हे ठरवायला उद्या तेच प्राधिकारी बसतील.

संघटनेतल्या पहिल्या तटालाही एक सांगा. बोलण्याचं स्वातंत्र्य आणि हे एक नव्हे. पृथ्वी सपाट आहे असं कोणीही चौकात उभं राहून म्हणू शकतो. भूगोलाच्या प्राध्यापकाने वर्गात तेच शिकवलं तर त्याला जाब विचारला गेला पाहिजे, आणि तो भूगोलवाल्यांनी विचारला पाहिजे. म्हणजे एका बाजूने आपलं स्वातंत्र्य चौकातल्या माणसापेक्षा कमीच आहे. ही अर्धी बाजू आपले लोक सभांमध्ये सोयीस्करपणे गिळतात आणि मग लोकांना वाटतं की आपण फक्त सवलत मागतोय.

‘प्रतिमेस बाधा’ या शब्दांवरून आठवलं. १६७३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने डच तत्त्वज्ञ स्पिनोझाला तत्त्वज्ञानाचं अध्यासन देऊ केलं होतं. विचार करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य मिळेल, फक्त प्रस्थापित धर्माला धक्का लावण्यासाठी तुम्ही ते वापरणार नाही अशी खात्री आहे, असं पत्रात होतं. स्पिनोझाने नम्रपणे नकार कळवला. त्याच्या कारणांतलं एक असं की धक्का नेमका कुठे सुरू होतो, ती सीमा मला ठाऊक नाही. तुमच्या बाविसाव्या पानाची अडचण तीच आहे. सीमा कुठे ते लिहिलेलंच नाही, म्हणून माणूस तिच्या फार अलीकडेच थांबतो.

रोखठोक

मी प्राध्यापक नाही, अभियंता आहे. कर भरतो आणि मुलीची फी भरतो. म्हणून चार शब्द.

मुलीला एका विषयाला जे सर होते ते सत्रभरात सहा वेळा वर्गात आले. उरलेलं सगळं पीएचडीच्या मुलांनी उरकलं. तक्रार केली तर उत्तर मिळालं की अध्यापनपद्धती हे शिक्षकाचं स्वातंत्र्य आहे. हे तुमचं स्वातंत्र्य? न्यायाधीश निदान कोर्टात तरी येतो.

आणि ‘जनतेशी उत्तरदायित्व’ म्हणता, तर जनतेला कधी विचारलंत? तुमचे शोधनिबंध कोण वाचतं? विहिरीचं उदाहरण छान आहे, पण शंभर प्राध्यापकांपैकी विहिरीपर्यंत किती जातात? बाकीच्यांसाठी मी का भांडू?

परीक्षानळी

रोखठोक, तुमच्या त्या सरांची बाजू घेणार नाही. तसे दोन आमच्याकडेही आहेत. त्यांचे तास मी घेतलेत.

पण एक बघा. हे कलम त्यांना काहीही करणार नाही. ते कुठे काही बोलतात? काही छापतात? संस्थेच्या प्रतिमेला त्यांच्याकडून तीळमात्र धोका नाही. या नियमाखाली ते आदर्श कर्मचारी ठरतील. वर्गात न जाण्यावर चाळीस पानांत हजेरीयंत्राचं एक कलम आहे, तेवढंच.

किती जण विहिरीपर्यंत जातात, याला उत्तर नाही. थोडे जातात, कबूल.

रोखठोक

हे पटलं. सरांचं नाव मात्र मनातून जाणार नाही.

शेरा_आणि_सही

वरचं सगळं वाचलं. मी बावीस वर्षं विद्यापीठ कार्यालयात होतो, शेवटची सहा उपकुलसचिव. अशी कलमं मी स्वतः लिहिलेली आहेत, त्यामुळे ती कशी जन्मतात ते सांगू शकतो.

तुम्हाला वाटतं कोणीतरी विहिरीवर डोळा ठेवून हे लिहिलं. तसं बहुधा नसतं. मसुदा करायला आठ दिवस दिलेले असतात. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचे नियम समोर असतात, तिने ते सरकारी कर्मचाऱ्यांच्या नियमांवरून उचललेले असतात. कार्यालयातल्या माणसाला प्राध्यापक आणि भांडारपाल यांत फरक करायचं कारण नसतं. मग ते कलम पुस्तकात झोपून राहतं. दहा वर्षं कोणी हात लावत नाही. आणि एक दिवस वरून फोन येतो, ‘त्या बाईंवर काय करता येईल बघा.’ तेव्हा आम्ही पुस्तक उघडतो. कलमाचा हेतू काय होता हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

म्हणून बैठकीत हेतूवर भांडू नका, कुलगुरू दुखावतील आणि चर्चा तिथेच अडकेल. कामकाजाचे प्रश्न विचारा. परवानगी किती दिवसांत मिळणार? नाकारली तर कारण लेखी देणार का? रसायनशास्त्रातला निष्कर्ष योग्य की अयोग्य हे कोणत्या पात्रतेचा अधिकारी ठरवणार? अर्जावर उत्तरच आलं नाही तर? मी त्या बाजूला बसायचो तेव्हा असल्या प्रश्नांना घाबरायचो. भाषणांना नाही.

सोबत दोन कागद जोडा. एक, युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या अध्यापकांविषयी संमत केलेली शिफारस. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य तर त्यात आहेच, शिवाय ज्या संस्थेत आपण काम करतो तिच्याविषयी मत मांडण्याचं स्वातंत्र्यही नाव घेऊन लिहिलेलं आहे. कायदा म्हणून ती बांधील नाही, पण इतिवृत्तात उल्लेख आला की कागदाला वजन येतं. दोन, तोडगा म्हणून पर्यायी वाक्य. अमेरिकेत १९४० पासून चालत आलेलं निवेदन आहे: शिक्षकाने बाहेर बोलताना अचूक असावं, संयम ठेवावा, आणि आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करावं. परवानगीऐवजी एवढं पुरतं. प्रशासनाला काहीतरी हातात दिल्याशिवाय ते हातातलं सोडत नाही.

प्रायोजित संशोधनाचे करारही याच वेळी तपासा. तिथे हेच कलम वेगळ्या कपड्यांत बसलेलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेट्टी डाँग यांनी थायरॉइडच्या एका महागड्या औषधाची स्वस्त पर्यायांशी तुलना केली. पैसा महाग औषधाच्या कंपनीचा होता. निष्कर्ष निघाला की पर्याय तितकेच चालतात. पण करारात ‘कंपनीच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं होतं. १९९५ मध्ये निबंध छपाईच्या तोंडावर मागे घ्यावा लागला. प्रसिद्ध झाला १९९७ मध्ये. मधल्या काळात लोक महाग गोळी घेत राहिले.

शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत कामाचं. मसुदा वाचताना नवीन काय आलंय ते सगळे बघतात. जुन्यातलं काय गेलंय ते बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १८९४ मध्ये रिचर्ड इली या अर्थशास्त्रज्ञावर संपांना उत्तेजन देतो, समाजवाद शिकवतो असे आरोप झाले, तेव्हा नियामक मंडळाने त्यांना निर्दोष ठरवलं. शिवाय अहवालात लिहून ठेवलं की सतत आणि निर्भयपणे चाळत-पाखडत राहण्यानेच सत्य सापडतं. चाळणं आणि पाखडणं हेच शब्द आहेत मुळात, मी सुपाची आवड म्हणून घुसवलेले नाहीत. त्या वाक्याची धातूची पाटी मुख्य इमारतीवर आहे. त्याच राज्यात २०१५ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात विद्यापीठाच्या ध्येयवाक्यातून ‘सत्याचा शोध’ हे शब्द गुपचूप खोडलेले निघाले आणि राज्याला लागणारं मनुष्यबळ पुरवण्याचा उल्लेख आत आला. बोभाटा झाल्यावर मसुद्यातली चूक म्हणून बदल मागे घेतला. कोणीतरी दोन प्रती शेजारी ठेवून वाचल्या म्हणून ते सापडलं.

आणि असहमतीची नोंद तोंडी देऊ नका. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच येतं. लेखी द्या, त्याच बैठकीत, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

अकरा_महिने

मी कंत्राटी शिक्षिका आहे. नाव वाचून कळलंच असेल. सातवं कंत्राट चालू आहे.

इथे सगळे स्पिनोझा आणि न्यायाधीश बोलताहेत. न्यायाधीशाची उपमा चालते कारण न्यायाधीशाला सहजासहजी काढता येत नाही. मला काढावंही लागत नाही. फक्त पुढचं पत्र पाठवायचं नाही. कारण द्यायचं नाही, चौकशी नाही, बातमी नाही. माझ्यासारख्यांना बावीसावं पान कशाला हवं?

परीक्षानळी मॅडम, तुमच्या मसुद्यात कंत्राटी लोकांविषयी काही आहे का ते बघाल? आणि हरकतीच्या पत्रावर आमच्या सह्या मागू नका. मागच्या खेपेला आमच्याकडे मागितल्या होत्या. मी केली नाही. कायम असलेल्या एका मॅडमने नंतर मला ऐकवलं की तुमची पिढी फक्त स्वतःचं बघते.

१८३७ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून निषेध केला, हे मी दर वर्षी शिकवते. ग्रिम बंधू त्यांत होते. सातही जणांना काढलं, तिघांना तर राज्याबाहेर घालवलं. हे सांगताना मुलं माझ्याकडे बघतात आणि मला खाली बघावंसं वाटतं. त्याच विद्यापीठात गाउस होते, इतके मोठे गणिती. सातांतला एव्हाल्ड त्यांचा जावई, वेबर त्यांचा प्रयोगशाळेतला साथीदार. गाउस यांनी सही केली नाही. त्यांना भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जुनीवही

अकरा_महिने, तुम्हाला कोणी सहीवरून बोललं असेल तर त्यांच्या वतीने मी ओशाळतो. मीही नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत एकाही पत्रावर सही केली नव्हती.

त्या सातांच्या गोष्टीला एक शेपूट आहे, वर्गात सांगत असाल तर सांगा. त्यांचा पगार बंद झाल्यावर लाइपझिगमध्ये लोकांनी समिती करून वर्गणी काढली आणि त्यांना पैसे पोचवले. बाहेर कोणी घर चालवणार असेल तर आत सही करणं जरा सोपं जातं. आपल्या संघटनांकडे निधी असतो तो वार्षिक स्नेहसंमेलनाचा.

गप्प बसण्याचेही प्रकार असतात. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने तत्त्वज्ञ कांटला धर्मावर लिहिणं बंद करायला सांगितलं. कांट सत्तर वर्षांचा होता. त्याने मान्य केलं, पण पत्रात शब्द जपून घातले: ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून’ मी गप्प राहीन. १७९७ मध्ये ते महाराज वारले. कांटने वचनातून सुटलो असं मानलं आणि पुन्हा लिहायला लागला.

आणि सगळ्यांनाच पत्रं लिहावी लागत नाहीत. इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात २०२१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी परस्पर बाहेरचा कुलगुरू नेमला. प्राध्यापक रोज दुपारी झगे घालून कुलगुरूंच्या इमारतीसमोर यायचे आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. घोषणा नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये तो कुलगुरू गेला. नवा आला तोही वरूनच नेमलेला, तेव्हा हे पाठ करून उभे राहिलेच.

परीक्षानळी

बैठक झाली. उशिरा लिहितेय, मधे परीक्षांचं काम होतं.

आधी शेरा_आणि_सही यांना साष्टांग नमस्कार. मी खरंच जुने नियम शोधून काढले. ग्रंथालयात नव्हते, निवृत्त झालेल्या एका शिपायाच्या कपाटात मिळाले, पिवळे पडलेले. दोन्ही प्रती जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवून रात्री दीडपर्यंत ओळ-ओळ वाचल्या. बाविसावं पान नवीन होतं हे माहीत होतंच. पण जुन्या नियमांच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं: ‘ज्ञानाचा शोध घेणे व ते समाजापर्यंत पोहोचविणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य राहील.’ नव्या मसुद्यात ते नाही. कोणी काढलं, का काढलं, कोणालाच सांगता आलं नाही. मला वाटतं पान जुळवताना गळालं. पण गळालं.

त्यावर माझं सगळं बोलणं बदललं. मी स्वातंत्र्य हा शब्द बैठकीत एकदाच उच्चारला असेन. विचारलं एवढंच, की ज्या कामाला तुमच्या जुन्या नियमांनी कर्तव्य म्हटलं होतं, त्याच कामासाठी आता परवानगी कशी काय लागते? उद्या वर्गात जायलाही लागेल का? वाणिज्य शाखेचे एक सदस्य, जे अशा बैठकांत कधीच तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले की बाई बरोबर बोलतायत. मग किती दिवसांत, कोण, अपील कुठे, हे प्रश्न टाकले. कुलसचिवांनी दोनदा पाणी प्यायलं.

निकाल संमिश्र आहे. ‘संशोधन-निष्कर्ष’ हे शब्द कलमातून गेले. जुनं वाक्य पहिल्या पानावर परत आलं. ‘प्रतिमेस बाधा’ मात्र आहे तिथेच आहे आणि ‘वक्तव्य’ही. त्यावर पाच जणांची समिती नेमली, म्हणजे ते तसंच राहणार असं धरून चालले आहे. असहमतीची नोंद लेखी दिली. आवक क्रमांक घेतला. लिपिक म्हणाला, आजवर कोणी मागितला नव्हता.

अकरा_महिने, तुमच्यामुळे तेविसावं पान उघडलं. तिथे होतं: ‘कंत्राटी शिक्षकांच्या पुनर्नियुक्तीवेळी त्यांचे सर्वसाधारण वर्तन विचारात घेतले जाईल.’ पहिल्या वाचनात हेही मला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं म्हणजे, मला लागू नाही म्हणून वाचलंच नव्हतं. हरकतीत तो मुद्दा मी पहिल्या क्रमांकावर घेतला: पुनर्नियुक्ती नाकारताना लेखी कारण द्यावं, आणि ते अध्यापन किंवा संशोधन यांच्याशीच संबंधित असावं. फेटाळला. आर्थिक बाब असल्याने व्यवस्थापन परिषदेकडे जावा असं सांगण्यात आलं. पुढच्या महिन्यात तिथे नेतो आहोत. कंत्राटी लोकांच्या सह्या मागितल्या नाहीत. पत्रावर एकतीस सह्या आहेत, सगळ्या कायम असलेल्यांच्या. घड्याळवाल्या तटातले नऊ त्यात आहेत.

दिराला न्यायाधीशाचं सांगितलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे तुझा पगार विद्यापीठ देतं, पण तू काम माझं करतेस?” म्हटलं, तसंच काहीसं. काल संध्याकाळी घरी आला तेव्हा हातात त्यांच्या इमारतीच्या टाकीतल्या पाण्याची बाटली होती. प्लॅस्टिकची, आधी सरबत भरलेली. नमुना असा घेत नाहीत म्हणून मी ती परत पाठवली आणि प्रयोगशाळेतली धुतलेली बाटली दिली.

रोखठोक

आमच्या टाकीचंही तपासून मिळेल का?

परीक्षानळी

व्यनि (खाजगी निरोप) करा. बाटली मी देते, सरबताची आणू नका.

अकरा_महिने

धन्यवाद मॅडम. तेविसावं पान आमच्याकडेही आहे, फक्त क्रमांक वेगळा आहे. माझं कंत्राट या महिनाअखेरीस संपतं. पुढचं पत्र अजून आलेलं नाही. व्यवस्थापन परिषदेत काय झालं ते याच धाग्यावर लिहा, मी बघत राहीन.